सायटेशनचं दुसरं पान

१

१९८८च्या फेब्रुवारीत कॅप्टन दौलत शेलार रजेवर घरी आला, आणि खोपटच्या एस.टी. डेपोमागच्या त्या चाळीत दोन दिवस शेलारांच्या दाराला कडी लागली नाही, एवढी माणसं येत होती. सत्तावीस वर्षांचा पोरगा. सियाचीनच्या बर्फातलं सेना पदक आधीच मिळालेलं, आता श्रीलंकेतल्या लढाईबद्दल वीरचक्र जाहीर झालेलं. डाव्या पायाला जखम होती, काठी टेकत चालायचा. वडील चांगदेव शेलार कोलशेतच्या एका कारखान्यात होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात उरल्या होत्या आई सगुणाबाई आणि धाकटी बहीण सरोज.

ऑक्टोबरपासून त्याचं एकही पत्र नव्हतं. तेवढ्या दिवसांत पोस्टमनची वाट बघून सरोज अर्धी झाली होती. आई मात्र शांत. "येईल गं," एवढंच म्हणायची आणि तांदूळ निवडायला बसायची. आणि तो खरंच आला.

सरोज ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होती. आल्यावर चौथ्या दिवशी दौलतनं तिच्या हातात इंग्रजीत टाइप केलेलं एक पान दिलं. कुठल्या पराक्रमाबद्दल पदक मिळालं ते त्यात लिहिलं होतं. मिलिटरीत त्याला सायटेशन म्हणतात.

"मंडळवाले सत्कार करतायत, सरू. त्यांना हे मराठीत पाहिजे."

जेवणाच्या सुट्टीत तिनं ते भाषांतर करून टाइप केलं. वर एक आणि कार्बन लावून खाली तीन, अशा चार प्रती. तिचं मशीन जुनं होतं, त्याचा 'य' ओळीच्या जरासा वर उडायचा. जाफन्याजवळच्या एका गावात, शत्रूच्या गोळीबारात सापडलेल्या घरात सहा जवान अडकले होते. पायाला गोळी लागलेली असतानाही कॅप्टन शेलार पुन्हा पुन्हा आत गेले. 'त्यांनी एकेक करून पाच जखमी जवानांना घराबाहेर आणले.' तिथं पान संपत होतं.

सरोजला ते जरा अचानक वाटलं. सरकारी मजकूर असा उघडा सुटत नाही. सहावा आपापला बाहेर पडला असेल, असं तिनं धरलं आणि शेवटची ओळ मनानं जोडली: 'त्यांच्या या असामान्य शौर्याचा राष्ट्राला सार्थ अभिमान आहे.'

रविवारी सकाळी मंडळाच्या मांडवात ते वाचलं गेलं. टाळ्या पडल्या. दौलत हार घालून खुर्चीत ताठ बसला होता. आई आली नव्हती. माणसं येतील-जातील, घरी कोण बघणार, म्हणाली.

२

दुसरा सत्कार कल्याणच्या एका व्यायामशाळेत झाला. वाचायला परशुराम मास्तर होते, निवृत्त शिक्षक, स्वच्छ आवाजाचे. सरोज दुसऱ्या रांगेत बसली होती. मजकूर तिला तोंडपाठ होता, म्हणून ती ऐकण्यापेक्षा दादाकडेच बघत होती.

"...एकेक करून पाच जखमी जवानांना घराबाहेर आणले," मास्तर वाचत होते. "त्यानंतर सहाव्या जवानाची हाक ऐकून ते पुन्हा आत शिरले. त्यांच्या या असामान्य शौर्याचा..."

टाळ्या सुरू झाल्या. सरोजचे हात मांडीवरच राहिले.

कार्यक्रम संपल्यावर ती मास्तरांना गाठून म्हणाली, "सर, ती सहाव्या जवानाची ओळ तुम्ही घातलीत का?"

"मी कशाला घालू, बाळ? कागदावर होतं तेच वाचलं."

तिनं कागद घेतला. ओळ होती. तिच्याच मशीनवरची, उडालेल्या 'य'सकट. घरी येऊन तिनं पिशवीतल्या कार्बनच्या प्रती काढल्या. तिन्हींवर ओळ होती, कार्बनच्या जांभळट शाईत, आजूबाजूच्या अक्षरांइतकीच फिकी.

माणूस स्वतःची समजूत घालतो, तशी तिनं घातली. जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं केलेलं काम. आपणच टाइप केलं असेल, डोक्यातून गेलं असेल. इंग्रजी पान ताडून पाहायला मागितलं तर दौलत म्हणाला, "ट्रंकेत आहे कुठेतरी. बघू नंतर." आणि खिडकीतून डेपोकडे बघत राहिला. बाहेर एक गाडी मागे घेत होते, कंडक्टरची शिटी एकसारखी वाजत होती. शिटी थांबली तेव्हा सरोजच्या ध्यानात आलं, की शेजारी बसलेल्या दादाचा श्वास तिला ऐकू येत नाहीये. मग त्याची काठी फरशीवर घसरली, आणि तो विचार गेला.

३

घरात एक गोष्ट मात्र रोज होत होती. दौलत जिथं बसायचा, तिथं पांढरी भुकटी पडायची. आधी तिला वाटलं भिंतीचा चुना पडतोय. चाळ जुनीच होती. तिनं भिंतीवरून हात फिरवला तर रंग शाबूत. मग ती भुकटी त्याच्या उशीवर दिसली. मग ताटाभोवती, जेवून उठल्यावर. चिमटीत घेतली तर बारीक, खरखरीत, सिमेंटसारखी, आणि तिला जळकट वास.

"आई, हे काय गं?"

"कुठं काय?" म्हणत आईनं केरसुणी घेतली आणि सुपलीत भरून टाकलं. ती रोज टाकायची, दिवसातून तीन-तीनदा, शेजारच्या नंदावहिनी यायच्या आत. त्याच्या ताटातला भातही तीच मुकाट्यानं काढून ठेवायची. दौलत भात कालवायचा, घास करायचा, बोलत बसायचा. शेवटी ताटात वाढलं होतं तेवढंच असायचं.

मार्चमध्ये पदक घ्यायला माय-लेक दिल्लीला गेले. सरोजला रजा मिळाली नाही. परत आल्यावर आईनं पिशवीतून मखमलीची डबी काढली. चांदीचा तारा, अर्धी निळी अर्धी भगवी फीत. सरोजनं तो तळहातावर घेतला, तर वजनानं हात खाली गेला. समारंभातला फोटो नंतर टपालानं आला. त्यात आई होती, नऊवारी नेसून, दोन्ही हात पुढे करून. डबी तिच्या हातात ठेवली जात होती.

"पदक तुझ्या हातात दिलं? दादा कुठंय?"

"बाजूलाच होता की. फोटोवाल्यानं घेतला नाही."

"आणि वाचलं काय तिथं?"

"इंग्रजीत वाचलं काहीतरी," आई म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं." आणि हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की सरोजनं पुढे विचारलं नाही.

४

एप्रिलमध्ये दिवा गावच्या लोकांनी बोलावलं. तिकडे हौसामावशी राहायची, तिच्या बिल्डिंगसमोरच्या पटांगणात चार वाजता कार्यक्रम होता. निम्म्यात पाण्याचा टँकर आला आणि बायका हंडे घेऊन उठल्या, त्या गोंधळात एका कॉलेजातल्या मुलीनं सायटेशन वाचायला घेतलं.

सरोजनं आदल्या दिवशी सगळ्या प्रती फाडून नवीन कागद टाइप केला होता. पाच जवानांपाशी थांबवला होता. तीनदा वाचून, घडी घालून, स्वतःच्या हातानं त्या मुलीला दिला होता.

"...सहाव्या जवानाची हाक ऐकून ते पुन्हा आत शिरले. त्याच क्षणी तोफगोळ्याने घराचे छत कोसळले."

सरोज उठली. खुर्च्या ढकलत पुढे गेली आणि मुलीच्या हातातला कागद ओढून घेतला. ती बिचारी घाबरून म्हणाली, "ताई, काय चुकलं का माझं?" मावशी धावत आली. टँकरशी भांडणाऱ्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या. स्टेजवर दौलत तेवढा शांत होता. त्याच्या खाकी टोपीवर पांढरा थर बसला होता, आणि तो एकटक सरोजकडे बघत होता. रस्त्यात चुकलेल्या माणसाला वाट विचारावी आणि त्यानंही आपल्याकडे तसंच बघावं, तसं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो म्हणाला, "चल, कोलशेतला जाऊ. बाबांबरोबर जायचो तसं."

खाडीच्या कडेला कोळ्यांनी जाळी वाळत टाकली होती. ओहोटी लागली होती. दोघं एका उपड्या होडीला टेकून बसले.

"दादा, मला खरं सांग. त्या घरात काय झालं?"

"पाच काढले," तो म्हणाला. "ते आठवतं. सहावा गणू होता. आपल्याकडचाच, महाडचा. आतून 'साहेब, साहेब' करत होता. मी परत गेलो. तो दिसला. त्याचा हात धरला."

"मग?"

"मग मी ठाणे स्टेशनला उतरलेलो."

"म्हणजे?" सरोज म्हणाली.

"मधलं काही नाहीये, सरू. खूप आठवून बघितलं. हॉस्पिटल नाही, जहाज नाही, गाडी नाही. गणूचा हात हातात होता, आणि मग हातात ट्रंक होती. ट्रंकेत वरच ते कागद."

"कागद? मला तर एकच पान दिलंस."

"दोन आहेत."

वारा पडला होता. लांब कुठंतरी एक बाई भरभर खवले काढत होती, तेवढाच आवाज.

"दुसरं पान कुठंय?"

"आईकडे."

"आईला इंग्रजी कुठं येतं?"

"म्हणूनच तर तिनं ठेवलंय," दौलत म्हणाला. "आल्या आल्या मी वाचून दाखवायला लागलो, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, मला काही ऐकायचं नाही. तू आलास, पुष्कळ झालं."

"तू वाचलंयस?"

तो काठीनं चिखलात रेघा ओढत बसला. उठले तेव्हा सरोजनं त्याचा हात धरला. हात कोमट होता, माणसाचा असतो तसा. त्या कोमटपणावर तिनं पुढचे आठ दिवस काढले.

५

डोंबिवलीच्या शाळेचा सत्कार ठरलेला होता. शेलार पूर्वी तिकडे राहायचे, दौलत सातवीपर्यंत त्याच शाळेत होता. सरोजनं तो रद्द करायचा खूप प्रयत्न केला. पण मुलांनी महिनाभर गाणं बसवलं होतं, आणि खुद्द दौलतच म्हणाला, "माझी शाळा आहे. मी जाणार."

मग सरोजनं ठरवलं, आपणच वाचायचं. दुसऱ्याच्या हातात कागद द्यायचाच नाही. पाच जवानांपाशी थांबायचं, नमस्कार करायचा, खाली उतरायचं. माझ्या तोंडून माझ्या मर्जीवाचून काय निघणार आहे? पण एकटीनं तिथं उभं राहायची तिला भीती वाटत होती. समोर घरचं कुणीतरी हवं होतं.

"आई, आज तू यायचंस."

"मी नाही येत."

"एकाही सत्काराला आली नाहीस. लोक विचारतात, आई कुठंय. पोराचं कौतुक ऐकायला लाज वाटते का तुला?"

"मला नको नेऊ, सरे." आई भिंतीला टेकून बसली होती. "माझं ऐक. तुम्ही दोघं जा. मी तुमच्यासाठी पुरण घालते."

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागते. मला भीती वाटते गं. नुसती समोर बस."

शेवटी सगुणाबाई उठल्या आणि लुगडं बदललं.

शाळेचा हॉल मुलांनी भरला होता. दुपारचे तीन वाजले होते, पत्रा तापला होता, पंखे कुरकुरत होते. आई पहिल्या रांगेत, मधोमध. सरोज माइकसमोर उभी राहिली. तिच्या मागे चार पावलांवर टेबल, टेबलामागे दौलत. तिनं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक शब्द आधी डोळ्यांनी तपासून मगच उच्चारत होती. गाव. घर. गोळीबार. सहा जवान. पाच बाहेर. "त्यांच्या या असामान्य शौर्याचा राष्ट्राला सार्थ अभिमान आहे." कागद तिथं संपला होता. खाली कोरी जागा. तिनं श्वास सोडला आणि नमस्कारासाठी हात जोडले.

हेडमास्तर चांगले गृहस्थ होते. ते उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मागच्या बाजूला राहिलं वाटतं, ताई. राहू द्या, तुमचा आवाज भरून आलाय. मी वाचतो."

तिच्या जोडलेल्या हातांतून कागद त्यांनी काढून घेतला आणि उलटला.

"नको," सरोज म्हणाली. पण ते माइकमध्ये आलं नाही.

"'छत कोसळून कॅप्टन दौलत चांगदेव शेलार आणि सहावा जवान ढिगाऱ्याखाली गाडले गेले,'" हेडमास्तर वाचत होते. "'दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे देह मिळाले, तेव्हा कॅप्टन शेलार यांनी जवानाचा हात धरलेला होता. त्यांना मरणोत्तर...'"

सरोज आईकडे बघत होती. आईनं कानांवर हात नेले होते, पण उशीर झाला होता. ते हात तसेच अर्ध्यावर राहिले. आई सरोजच्या खांद्यावरून मागे, टेबलाकडे बघत होती, आणि तिचं तोंड हळूहळू उघडत होतं.

मागे आवाज झाला. मोठा नाही. बंद खोलीत पलीकडच्या घराची भिंत पडल्यावर येतो, तसा दबलेला, बराच वेळ चालणारा. मग तो जळकट वास. माइकवर, हातातल्या बांगड्यांवर, हेडमास्तरांच्या काळ्या कोटावर पांढरी भुकटी उतरायला लागली. हॉलमधली सगळी मुलं उभी राहिली आणि त्यांनी माना खाली घातल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

सरोज वळली. पूर्ण नाही, टेबलाची कड दिसेल एवढीच. हिरव्या कापडावर एक हात होता. मनगटापर्यंत पांढरा, मुठीत काहीतरी घट्ट धरलेला. त्या मुठीत दुसरी बोटं होती.

त्यापुढे तिनं पाहिलं नाही.

६

नंतर लोक भेटत राहिले आणि सगळे एकच बोलत राहिले. श्रद्धांजलीच्या सभेत तुम्ही फार धीरानं वाचलंत, ताई. परशुराम मास्तरांनी पत्र पाठवलं, त्यात 'तुमचे दिवंगत बंधू' असंच होतं, फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या कार्यक्रमांबद्दल. हौसामावशीला विचारलं तर तिनं सरोजला जवळ घेतलं. "अगं, स्टेजवर फोटो होता ना त्याचा, हार घातलेला," म्हणाली. "असं होतं बाई दुःखात."

सरोजनं घर पालथं घातलं. काठी नव्हती. टोपी नव्हती. खुंटीवरचे कपडे नव्हते. सायटेशनची ती दोन पानंही नव्हती. कॉटखालून ट्रंक ओढली तर ती वडिलांची निघाली, आत जुनी अंथरुणं. मग तीही स्वतःला विचारू लागली. चार महिने पत्र नव्हतं. माणसाचं मन काय वाटेल ते उभं करतं. कदाचित मावशीचंच बरोबर असेल.

आठव्या दिवशी दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती. सरोज समोर बसली.

"आई, दादा आलेला ना?"

सुपातली बोटं थांबली. आईनं इतक्या दिवसांत तोंड उघडलं नव्हतं.

"आलेला," आई म्हणाली.

सरोजच्या घशातून हुंदका फुटला. सुटल्यासारखं वाटलं तिला, क्षणभरच.

"दसऱ्यानंतर तार आलेली," आई पुढे बोलू लागली. आवाज सपाट होता. "तू हापिसात होतीस. पोस्टमन म्हणाला, मावशी, वाचून दाखवू का. त्याच्या तोंडावरूनच कळलं मला. मी म्हटलं, नको. घेतली आणि स्टोव्हवर धरली. मग दोघं आले मिलिटरीचे. दार उघडलं नाही. गेले. मला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं, सरे. मी कुणाला सांगू दिलं नाही. आणि मग एक दिवस तो दारात उभा."

बाहेर डेपोत गाडी लागल्याची घोषणा होत होती. महाड, पोलादपूर.

"मला का नाही सांगितलंस?" सरोज म्हणाली. "मी एक अक्षर टाइप केलं नसतं. तुला कधी तिथं नेलं नसतं."

"तुला सांगायचं म्हणजे मला ते तोंडानं बोलायला लागलं असतं. माझ्याच कानांनी ऐकायला लागलं असतं." आईनं सुपातला एक खडा उचलला, बघितला आणि बाजूला ठेवला. "मी तुला सांगत होते, मला नको नेऊ."

सगुणाबाई त्यानंतर सात वर्षं जगल्या. त्यांनी सरोजला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. स्वयंपाक करायच्या, तिचा डबा भरायच्या, आजारपणात तिच्या उशाशी बसायच्या. फक्त सरोजनं काही वाचायला हातात घेतलं, मग तो पेपर असो, लग्नाची पत्रिका असो की औषधाची चिठ्ठी, की त्या हातातलं काम टाकून उठायच्या आणि गॅलरीच्या टोकाशी जाऊन, दोन्ही कान झाकून, तिचं वाचून संपायची वाट बघत उभ्या राहायच्या.